लेबल म्हणतं झिनवाल्डाइट, यंत्र म्हणतं बायोटाइट, आणि खनिजांच्या यादीत तर नावच सापडेना

मामाची पेटी

मामा गेल्यावर त्यांची खनिजांची पेटी माझ्याकडे आली. मी भूशास्त्रातली नाही, पण पेटी उघडली की तास-दोन तास कुठे जातात कळत नाही. बहुतेक नमुने ओळखू आले. एकावर मात्र अडले आहे.

मुठीत मावेल एवढा पांढुरक्या गारगोटीचा तुकडा आहे आणि त्याच्या एका कडेला अभ्रक. गंमत अशी, की अभ्रकाची पानं दगडावर आडवी पसरलेली नाहीत. ती काटकोनात उभी आहेत, अर्धवट उघडलेल्या पंख्यांसारखी, एकाला एक टेकून. थेट पाहिलं तर रंग करडा-तपकिरी, थोडी रुपेरी झाक. कडेनं पाहिलं तर जवळजवळ काळा. एक पापुद्रा आपोआप सुटून पेटीत पडला होता, तो खिडकीशी धरला तर धुरकट तपकिरी दिसतो आणि त्यात कडेला समांतर असे फिकट-गडद पट्टे दिसतात. वाकवला की परत सरळ होतो.

लेबल जुनं, शाई तपकिरी पडलेली: "झिनवाल्डाइट. झिनवाल्ड, बोहेमिया." मागे मामाच्या अक्षरात "अदलाबदल, १९७४".

ओळखीतून एका प्रयोगशाळेत हातात धरायच्या एक्सआरएफ (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणाऱ्या) यंत्रानं तपासून घेतलं. तिथल्या माणसानं आकडे पाहून सांगितलं, "पोटॅशियम आहे, लोह आहे, लिथियमचा पत्ता नाही. बायोटाइट आहे हा, नेहमीचा काळा अभ्रक." घरी येऊन आंतरराष्ट्रीय खनिज संघटनेच्या मान्य खनिजांच्या यादीत शोधलं, तर झिनवाल्डाइट नावाची जातच नाही!

म्हणजे मामाला कुणी फसवलं होतं का? लेबल बदलू का?

ग्रॅनाइटवाला

काळपट, लोह भरपूर, पापुद्रे निघतात. बायोटाइटच. जगातल्या निम्म्या ग्रॅनाइटमध्ये असतो. जुन्या संग्राहकांना परदेशी नावांची हौस असायची. यंत्र खोटं बोलत नाही, लेबल बोलू शकतं. बदलून टाका.

भिंग आणि सुई

थांबा! लेबलाला हात लावू नका.

अहो ग्रॅनाइटवाले, यंत्र खोटं बोलत नाही हे खरं, पण त्याला जे दिसतच नाही त्याबद्दल ते बोलणार काय? एक्सआरएफमध्ये प्रत्येक मूलद्रव्य स्वतःच्या ठरलेल्या ऊर्जेचे क्ष-किरण बाहेर टाकतं आणि यंत्र ते मोजतं. लोहाचे असतात ६.४ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे, पोटॅशियमचे ३.३ चे. लिथियमचे किती? ०.०५४. इतका दुबळा किरण नमुन्यातून निघून यंत्राच्या खिडकीपर्यंतही पोचत नाही, मधल्या बोटभर हवेतच विरतो. फ्ल्युओरिनचीही या छोट्या यंत्रांत साधारण तीच गत. त्यामुळे "लिथियमचा पत्ता नाही" या वाक्याचा अर्थ "लिथियम नाही" असा होत नाही. त्या माणसानं आकडे बरोबर वाचले, रिकामी जागा चुकीची वाचली. मी बत्तीस वर्षं खनिजं ओळखायच्या कामात काढली आहेत. हीच चूक माझ्याही हातून झालेली आहे, आणि तीही एका छापील अहवालात, त्यामुळे त्या माणसावर मी फार रागावणार नाही.

आता यादीचं. झिनवाल्डाइट हे नाव १८४५ साली व्हिएन्नाच्या विल्हेल्म हायडिंगर यांनी दिलं, झिनवाल्ड या खाणगावावरून. दीडशे वर्षं ते स्वतंत्र खनिज म्हणून पुस्तकांत होतं. १९९८ साली अभ्रकांच्या नावांची मोठी झाडाझडती झाली आणि त्यात झिनवाल्डाइटची जात म्हणून मान्यता गेली. ते एका मालिकेचं नाव उरलं: एका टोकाला सिडरोफिलाइट, दुसऱ्या टोकाला पॉलिलिथिओनाइट, आणि या दोघांना जोडणाऱ्या रेषेवर किंवा तिच्या आसपास बसणारे गडद, लिथियमयुक्त अभ्रक म्हणजे झिनवाल्डाइट. नाव चुकीचं ठरलेलं नाही, फक्त ढोबळ ठरलं आहे.

आणि हो, त्याच झाडाझडतीत लेपिडोलाइट हा लिथियमचा दुसरा अभ्रक गेला आणि बायोटाइटही गेला. म्हणजे ग्रॅनाइटवाल्यांच्या सल्ल्यानं लेबल बदललंत, तर यादीत नसलेलं एक नाव खोडून यादीत नसलेलं दुसरं लिहिल्यासारखं होईल.

मालिका म्हणजे नेमकं काय, ते समजून घेतलंत तर बाकीचं आपोआप उलगडेल. अभ्रकाचा एक थर असा असतो: वर आणि खाली सिलिकेटच्या जाळ्या, मध्ये धातूंचा थर. अशा दोन थरांमध्ये पोटॅशियमचे अणू बसतात आणि त्यांची पकड सैल असते, म्हणून पापुद्रे तिथूनच सुटतात. मधल्या धातूंच्या थरात दर सूत्रामागे तीन खुर्च्या समजा, आणि जाळ्यांमध्ये चार.

सिडरोफिलाइटच्या तीन खुर्च्यांवर दोन लोह आणि एक ॲल्युमिनियम. जाळीतल्या चारांवर दोन ॲल्युमिनियम, दोन सिलिकॉन.
पॉलिलिथिओनाइटच्या तीन खुर्च्यांवर दोन लिथियम आणि एक ॲल्युमिनियम. जाळीत चारही सिलिकॉन.

या दोघांची बरोबर सरासरी काढा. तीन खुर्च्यांवर एक लोह, एक लिथियम, एक ॲल्युमिनियम, आणि जाळीत एक ॲल्युमिनियम, तीन सिलिकॉन. जुन्या पुस्तकात झिनवाल्डाइटचं म्हणून जे सूत्र छापलेलं असायचं, ते हेच! आणि ही अदलाबदल निसर्गाला परवडते कशी, तर विद्युतभाराचा हिशेब जुळतो म्हणून. लोहाचे दोन आणि ॲल्युमिनियमचे तीन, झाले पाच. त्यांच्या जागी आलेल्या लिथियमचा एक आणि सिलिकॉनचे चार, पुन्हा पाच. एकटं लिथियम लोहाची जागा घेऊ शकत नाही, भार कमी पडतो. ते येताना सिलिकॉनला सोबत घेऊन येतं. हे वाक्य लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे.

तुमच्या वर्णनातली एक गोष्ट मला लेबलाइतकीच बोलकी वाटते: गारगोटीच्या कडेला काटकोनात उभी असलेली पानं. ग्रॅनाइटमधला साधा बायोटाइट असा वाढत नाही, तो बाकीच्या कणांत विखुरलेला असतो. झिनवाल्डच्या शिरांमध्ये मात्र भिंतीपासून आत वाढणारे अभ्रकाचे पंखे ही ओळखीची खूण आहे.

तुमच्याकडे यंत्राचा पूर्ण कागद आहे का? माणसानं सांगितलेला निष्कर्ष नको, छापलेले आकडे सगळे द्या. विशेषतः मॅग्नेशियम, सिलिकॉन आणि रुबिडियम.

मामाची पेटी

ताई (ताई म्हटलं तर चालेल ना?), कागद सापडला. टक्केवारी अशी:

सिलिकॉन २१.३, ॲल्युमिनियम ११.२, लोह ८.६, पोटॅशियम ८.२, मँगॅनीज ०.८, रुबिडियम ०.८३. मॅग्नेशियमपुढे "आढळलं नाही". शेवटी "बाकी" म्हणून जवळजवळ निम्मं.

रुबिडियमबद्दल मी विचारलंही होतं. "किरकोळ आहे, सोडून द्या," असं म्हणाले.

भिंग आणि सुई

ताई चालेल. रुबिडियम सोडून द्यायला मात्र चालणार नाही.

०.८३ टक्के रुबिडियम! साध्या बायोटाइटमध्ये ते दशलक्षात काहीशे भाग असतं. तुमच्यात दशलक्षात आठ हजारांवर आहे. रुबिडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा थोडाच मोठा आणि भारही तोच, म्हणून ते पोटॅशियमच्या जागेवर जाऊन बसतं. पण खडकात ते मुळातच विरळ. शिलारस थंड होत जातो तसतशी आधीची खनिजं त्याला फारसं घेत नाहीत आणि ते उरलेल्या रसात साठत जातं. लिथियमचंही तसंच. दोघं शेवटच्या थेंबापर्यंत उरणारे, म्हणून जिथे एक भरपूर तिथे दुसऱ्याचा संशय घ्यायचा. बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी १८६१ मध्ये रुबिडियम शोधलं तेही जर्मनीतल्या सॅक्सनीच्या लेपिडोलाइटमध्ये, म्हणजे लिथियमच्याच अभ्रकात. वर्णपटात गडद लाल रेषा दिसल्या म्हणून लॅटिनमधल्या 'गडद लाल' या अर्थाच्या शब्दावरून नाव ठेवलं. यंत्राला लिथियम दिसत नाही, पण त्याचा हा सोबती लख्ख दिसतो.

आता ते लक्षात ठेवायला सांगितलेलं वाक्य. लिथियम सिलिकॉनला सोबत घेऊन येतं, म्हणजे सिलिका मोजली की लिथियमचा अंदाज बांधता येतो. २१.३ टक्के सिलिकॉन म्हणजे ऑक्साइडच्या रूपात सुमारे ४५.६ टक्के सिलिका. ग्रॅनाइटमधल्या बायोटाइटात ती साधारण ३५ ते ३९ असते. शुद्ध सिडरोफिलाइटात हिशेबानं २५, पॉलिलिथिओनाइटात साडेएकसष्ट, मधोमधच्या झिनवाल्डाइटात ४१. तुमचा नमुना मध्याच्या किंचित पुढे, लिथियमच्या बाजूला.

या गोष्टीवर बेतलेलं एक सूत्र १९९७ मध्ये प्रसिद्ध झालं आणि लिथियम न दिसणाऱ्या यंत्रांवर काम करणाऱ्यांनी ते उचलून धरलं. तीनही खुर्च्या भरलेल्या गडद अभ्रकांसाठी: सिलिकेच्या टक्केवारीला ०.२८९ नं गुणा, ९.६५८ वजा करा, येईल ते लिथियम ऑक्साइड. तुमचं करू:

४५.६ × ०.२८९ = १३.१८
१३.१८ − ९.६६ = ३.५२

साडेतीन टक्के. आदर्श सूत्रावरून झिनवाल्डाइटात लिथियम ऑक्साइड येतं ३.४ टक्के, म्हणजे निव्वळ लिथियम १.६ च्या आसपास. हातात धरायच्या यंत्राची सिलिकॉनची मोजणी फार काटेकोर नसते, तेव्हा दुसऱ्या दशांशाला कवटाळू नका. पण दिशा स्पष्ट आहे.

इथे एक पळवाट बंद करायला हवी. पांढऱ्या मस्कोव्हाइट अभ्रकातही सिलिका ४५ टक्के असते, मग हा मस्कोव्हाइट का नाही? कारण मस्कोव्हाइटात तीनपैकी दोनच खुर्च्या भरलेल्या असतात, दोन्हींवर ॲल्युमिनियम. त्यात तुमच्याइतकं लोह मावत नाही आणि ॲल्युमिनियम जवळजवळ २० टक्के असतं, तुमचं ११.२. मॅग्नेशियम नसणं हा मात्र मी स्वतंत्र पुरावा धरणार नाही. नेहमीच्या बायोटाइटात ते चांगलं काही टक्के असतं हे खरं, पण मॅग्नेशियम नसलेले निव्वळ लोहाचे अभ्रकही असतात. पोषक पुरावा म्हणू या.

विशिष्ट गुरुत्व, कठिनता वगैरे मी विचारलंच नाही, कारण इथे ते कामाचं नाही. झिनवाल्डाइटचं वि. गु. २.९ ते ३.१. बायोटाइटची मर्यादा त्याच्या दोन्ही बाजूंनी पसरलेली. कठिनता पुस्तकागणिक अडीच ते चार, आणि अभ्रकाची कठिनता पानावर बघता की कडेवर यावरही ती बदलते. विद्यार्थी याच दोन गोष्टींत तासन्‌तास घालवतात.

ग्रॅनाइटवाला

रुबिडियम बघून गप्प झालो. मान्य.

पण ताई, झिनवाल्डाइट दुर्मीळ असतो असं ऐकलंय. मग याला दुर्मीळ का म्हणायचं? त्याच झिनवाल्डला लिथियमचा प्रचंड साठा आहे असं वाचलं. साठा प्रचंड आणि खनिज दुर्मीळ, हे कसं जमतं?

भिंग आणि सुई

जमतं, कारण मोजक्या ठिकाणी असतं, पण जिथे असतं तिथे ढिगानं असतं. सोनं याच्या उलट: जवळपास सगळीकडे, पण कणभर.

झिनवाल्डाइट व्हायला एकाच ठिकाणी चार गोष्टी जमाव्या लागतात. लिथियम हवं, फ्ल्युओरिन हवं, लोह उरलेलं हवं, आणि मॅग्नेशियम आधीच संपलेलं हवं. शिलारस थंड होताना लोह आणि मॅग्नेशियम बहुधा सुरुवातीच्या खनिजांतच खर्च होतात. लिथियम साठेपर्यंत लोह संपलं असेल तर जांभळा-गुलाबी लेपिडोलाइट तयार होतो, पेग्माटाइटात (शिलारसाच्या शेवटच्या भागातून होणाऱ्या भरड खडकात) दिसतो तसा. लिथियम साठलं आणि लोहही शिल्लक होतं, तरच हा आपला धुरकट पाहुणा.

फ्ल्युओरिनचं काम वेगळं. ते शिलारसाला पातळ करतं आणि बऱ्याच कमी तापमानापर्यंत वितळलेलं ठेवतं. असा रस ग्रॅनाइटच्या घुमटाच्या माथ्याशी गोळा होतो. त्यातून सुटलेलं गरम, आम्लधर्मी, फ्ल्युओरिनयुक्त पाणी मग घुमटालाच खायला लागतं. ग्रॅनाइटमधलं नेहमीचं खनिज फेल्डस्पार, ते टिकत नाही. त्याच्या जागी क्वार्ट्झ (म्हणजे गारगोटी), अभ्रक, पुष्कराज आणि फ्ल्युओराइट उरतात. या बदललेल्या करड्या, खरखरीत खडकाला ग्रायझेन म्हणतात, शब्द सॅक्सनीच्या खाणकामगारांचा. त्याच पाण्यानं आणलेलं कथिल कॅसिटेराइट म्हणून बसतं, टंगस्टन वुल्फ्रॅमाइट म्हणून.

म्हणून झिनवाल्डाइट शोधायचा तर कथिलामागे जायचं. गावाच्या नावातच ते आहे: झिन म्हणजे कथिल, वाल्ड म्हणजे रान. चेक भाषेतलं नाव त्सिनोवेत्स, त्यातही त्सिन म्हणजे कथिलच. खनिजाची पट्टी जर्मनी-चेक सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेली, म्हणून पूर्वी सॅक्सन झिनवाल्ड आणि बोहेमियन झिनवाल्ड अशी दोन गावं. तुमच्या लेबलावर "बोहेमिया" लिहिलंय, म्हणजे नमुना आजच्या चेक बाजूचा. तिथली खाण १९९० मध्ये बंद झाली, जर्मन बाजूची त्याच्या कितीतरी आधी, १९४५ मध्ये. मामांना नमुना मिळाला १९७४ ला, म्हणजे चेक बाजूला तेव्हा काम चालू होतं. पण शाई तपकिरी पडलेलं लेबल बहुधा त्याहून जुनं आणि आधीच्या मालकाचं असावं. ते लेबल जपा. २०१९ पासून या डोंगररांगेतला खाणपट्टा जागतिक वारशाच्या यादीत आहे.

तिथल्या शिरा बघण्यासारख्या असतात. उभ्या, भेगांतून चढणाऱ्या शिरा आपण नेहमी बघतो. या मात्र घुमटाच्या पाठीसारख्या, जवळजवळ आडव्या, एकाखाली एक. मध्ये क्वार्ट्झ आणि वरखालच्या भिंतींवर अभ्रकाचे पंखे, टोकं आतल्या बाजूला. तुमचा तुकडा हा अशाच एका शिरेच्या कडेचा भाग आहे. पट्टे दिसतात म्हणालात, ते त्या पानाच्या वाढीचे: पाण्यातलं लोह कमीजास्त होत गेलं तसा रंग गडद-फिकट होत गेला.

खाली काय आहे हेही माहीत आहे, कारण १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्सिनोवेत्सला एक भोक १,५९६ मीटर खोल पाडलं होतं. वरचे सुमारे ७३० मीटर झिनवाल्डाइटवाला ग्रॅनाइट. त्याखाली अभ्रकातलं लिथियम उतरतं आणि तो लिथियम असलेल्या बायोटाइटकडे झुकतो. कागदावरची मालिका एका सरळ भोकात, वरून खाली. ग्रॅनाइटवाले, तुमचा बायोटाइट तिथे आहे, फक्त पाऊण किलोमीटर खाली.

आणि साठ्याचं म्हणाल, तर खडकात सरासरी लिथियम फक्त ०.२ टक्के आहे. अभ्रकात दीड टक्का धरला, तर खडकाचा सातवा-आठवा भाग हा अभ्रक. टंगस्टन-कथिलाच्या काळात तो टाकाऊ म्हणून ढिगाऱ्यावर जायचा. आता ढिगाऱ्यांकडेही डोळे लागलेत. वेगळा काढायला सोपा, कारण लोहामुळे तो चुंबकाकडे किंचित ओढला जातो आणि क्वार्ट्झ-फेल्डस्पार ओढले जात नाहीत. खडक दळायचा, जोरदार चुंबकासमोरून न्यायचा, अभ्रक बाजूला. लेपिडोलाइटला ही सोय नाही. पुढचं काम मात्र किचकट: जिप्सम-चुनखडी किंवा सोडियम सल्फेटबरोबर भाजायचं, मग पाण्यानं लिथियम धुऊन काढायचं.

इतर ठिकाणं म्हणाल तर शेजारचं आल्टेनबर्ग. तिथल्या गडद प्रकाराला जर्मन लोक राबेनग्लिमर म्हणत, डोमकावळ्याच्या रंगाचा अभ्रक. मला हे नाव हायडिंगरच्या नावापेक्षा जास्त आवडतं. शिवाय कॉर्नवॉलचा सेंट ऑस्टेल ग्रॅनाइट, उत्तर आयर्लंडचे मोर्न डोंगर, अमेरिकेत व्हर्जिनियातलं अमेलिया. जपानच्या तानाकामियामाला लोहाऐवजी मँगॅनीज असलेलं भावंड सापडलं, मासुटोमिलाइट. तुमच्यातलं ०.८ टक्के मँगॅनीज त्याच खुर्चीवर बसलेलं आहे.

मामाची पेटी

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मग राहवलं नाही.

पेटीत सुटून पडलेल्या पापुद्र्याची नखाएवढी कपची तोडली (मूळ नमुन्याला हात लावला नाही, शपथ). रेशमाच्या धाग्याला चिकटवून टांगली आणि निओडिमियम चुंबक जवळ नेला. वळली! हळूच, आळसावल्यासारखी, पण वळली. पेटीतल्याच मस्कोव्हाइटची तेवढीच कपची ढिम्म.

मग चिमट्यात धरून बर्नरच्या ज्योतीत धरली. आधी ज्योत पिवळी धम्मक झाली, वाटलं फसलं. दुसरी कपची धुऊन, वाळवून, बोट न लावता धरली. या वेळी कडेला स्पष्ट लाल, किरमिजी. आणि अभ्रक वितळला! मला वाटायचं अभ्रक म्हणजे न जळणारा, न वितळणारा. फुगला, बुडबुडे आले आणि टोकाला मोहरीएवढा काळा चकचकीत मणी उरला.

हे बरोबर झालं ना?

भिंग आणि सुई

अगदी बरोबर. पिवळी ज्योत तुमच्या बोटाच्या घामातलं मीठ होतं. सोडियम इतका भांडकुदळ की बाकी कुणाचा रंग दिसू देत नाही. धुऊन परत केलंत हे उत्तम, अर्धे विद्यार्थी पहिल्या ज्योतीलाच "सोडियम" लिहून मोकळे होतात.

किरमिजी रंग लिथियमचा. यंत्राला जे दिसलं नाही ते तुमच्या डोळ्यांना दिसलं. न वितळणारा अभ्रक ही मस्कोव्हाइटची ख्याती आहे, तो ज्योतीत मोठ्या मिनतवारीनं कडेला जरासा वितळतो. लिथियम आणि फ्ल्युओरिन असलेले अभ्रक सहज वितळतात. लेपिडोलाइटही वितळतो, पण लोह नसल्यानं त्याचा मणी काळा होत नाही. तुमचा काळा मणी म्हणजे लिथियम आणि लोह दोन्ही एकाच कपचीत असल्याची सही. तो मणी चुंबकाला लावून बघा, कपचीपेक्षा चपळ वागतो का ते.

एक दम देते: पुन्हा करायचं झालं तर खिडकी उघडी ठेवून, आणि तोंड ज्योतीवर आणून वास घ्यायचा नाही. त्यात फ्ल्युओरिन आहे आणि तापल्यावर ते बाहेर येतं. नखाएवढ्या कपचीत फार नाही, पण सवय वाईट. आणि आता कपच्या पुरे. उरलेला पापुद्रा मूळ नमुन्यासोबतच ठेवा. कधी कुणी लेझरनं लिथियम मोजून देणारं भेटलं तर त्याला तोच द्यायचा.

मामाची पेटी

मणी लावून बघितला. चुंबकाला उडी मारून चिकटला!

लेबलाचं काय करू? तसंच ठेवू, की खाली काही लिहू?

भिंग आणि सुई

जुन्या लेबलावर एक टिंबही नको. नवीन चिठ्ठी करा, पेन्सिलीनं, शाई फिकट होते ते तुम्ही पाहिलंच आहे. वर आजची तारीख. मग "झिनवाल्डाइट, सिडरोफिलाइट–पॉलिलिथिओनाइट मालिका. एक्सआरएफ: रुबिडियम ०.८३, मॅग्नेशियम नाही. ज्योत किरमिजी, मणी काळा, चुंबकीय." खाली तुमचं नाव. ठिकाण परत लिहू नका, "जुनं लेबल पाहा" एवढंच. नक्कल करताना स्पेलिंग बिघडतं आणि पन्नास वर्षांनी कुणीतरी तिसरंच गाव शोधत बसतं.

आणि मणी फेकू नका. छोट्या कुपीत घालून त्याच खोक्यात.

ग्रॅनाइटवाला

कुपीवर लिहा, "बायोटाइट म्हणणाऱ्यासाठी".